‘लल’ म्हणजे पावसाची उघडीप: इंग्रजी ऑफिसात नव्याने आलेल्यांसाठी

२०११ च्या ऑगस्टमध्ये मी ऐरोलीच्या एका ऑफिसात नवीन लागले होते. कराडहून आलेली, कळव्याला मावशीकडे राहणारी, शाळा पूर्ण मराठी माध्यमातली. काम इंग्लंडच्या ग्राहकांचे फोन घेण्याचं, त्यामुळे शिफ्ट दुपारी सुरू व्हायची. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी फोन जवळजवळ बंदच झाले. दहा मिनिटांत एखादा आला तर आला. तेवढ्यात तिकडच्या ड्युटीवरच्या साहेबांनी फोन केला आणि हसत विचारलं, “बिट ऑफ ए लल, इज इट?”

मला ऐकू आलं ‘नल’. ट्रेनिंगमध्ये ‘नल’ म्हणजे शून्य, रिकामं, काहीच नाही, एवढं घोकून घेतलं होतं. म्हणजे लाइन मेली की काय! मी घाईघाईने म्हटलं, “नो सर, ऑल लाइन्स आर वर्किंग,” आणि फोन ठेवल्या ठेवल्या आयटीवाल्यांना तक्रारीचं तिकीट टाकलं. दोघं जण आले, टेबलाखाली शिरले, वायरी हलवून बघितल्या आणि माझ्याकडे एकदा बघून निघून गेले. वायरी ठणठणीत होत्या. इंग्लंडमध्ये ऑगस्टचा शेवटचा सोमवार बँक हॉलिडे असतो. लोक सुट्टीवर गेले होते, फोन कोण करणार? साहेब एवढंच म्हणत होते, की जरा शांत दिसतंय.

आता नव्या मुलामुलींना पहिल्या पंधरवड्यात मीच बसवून घेते. परभणी, जळगाव, चिपळूण, कुठून कुठून आलेली असतात. त्यांच्यासाठी मी शब्दांची एक वही ठेवली आहे आणि ‘लल’ तिच्यात पहिल्या पानावर आहे. शब्द चार अक्षरांचा, पण मेलमध्ये, मीटिंगमध्ये, बातम्यांत सारखा भेटतो. शब्दकोश उघडलात तर ‘शांतता’ एवढंच हाताला लागतं आणि तिथूनच सगळा घोळ सुरू होतो. म्हणून पायरी पायरीने चला. घाई करू नका, एक पायरी दोन दिवस वापरून बघा आणि मग पुढे जा.

पहिली पायरी: कान आणि तोंड

स्पेलिंग एल, यू, एल, एल. यू दिसला की आपलं तोंड ‘उ’ म्हणायला तयारच असतं. ‘फुल’, ‘पुल’, ‘बुल’ या मंडळींनी ती सवय लावून ठेवली आहे. पण ‘लल’ त्यांच्या पंगतीत बसत नाही. तो बसतो ‘डल’, ‘स्कल’ आणि माझ्या त्या ‘नल’च्या पंगतीत. ‘अ’ आखूड ठेवा. ‘मन’ म्हणताना ‘म’मध्ये जेवढा ‘अ’ येतो तेवढाच.

शेवटचा ‘ल’ मात्र आपल्यासारखा नसतो. आपला ‘ल’ जिभेच्या टोकाने दातांच्या मागे टेकून स्वच्छ सुटतो. इंग्रजांचा शब्दाच्या शेवटचा ‘ल’ घशाकडे ओढल्यासारखा येतो आणि लंडनकडच्या कित्येकांच्या तोंडी तर तो ‘व’ किंवा ‘ओ’च्या जवळ जातो. म्हणून फोनवर हा शब्द अर्धवट ऐकू येतो. मँचेस्टर-लीड्सकडचा माणूस भेटला तर तो चक्क ‘लुल’ म्हणेल. तो चुकत नाही, त्याच्याकडे ‘कप’सुद्धा ‘कुप’च्या जवळ जातो. तुम्ही मात्र ‘लल’च म्हणा.

चॅटवर लिहिताना शेवटचे दोन्ही एल लिहा. एक एल खाऊन यूचा ओ झाला तर तुम्ही साहेबांच्या मेसेजवर खो खो हसलात असा अर्थ होतो. आमच्या फ्लोअरवर हे घडलेलं आहे.

दुसरी पायरी: दोन्हीकडे बघा

ही पायरी जमली की बाकीच्या आपोआप जमतात, म्हणून इथे जरा थांबू.

‘लल’ म्हणजे नुसती शांतता नाही. उपवन तलावाकाठी पहाटे पाचला असते ती शांतता ‘लल’ नव्हे, तिला ‘क्वाएट’ म्हणा, ‘पीसफुल’ म्हणा. ‘लल’ व्हायला आधी काहीतरी जोरात चालू असावं लागतं. ते मध्येच मंदावतं किंवा थांबतं आणि पुन्हा सुरू होणार असतं, निदान तशी अपेक्षा किंवा भीती तरी असते. रूळ ओलांडताना आपण डावीकडे बघतो, उजवीकडे बघतो, तसंच इथे करायचं. आधी गडबड होती का? नंतर पुन्हा होणार का? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली तर बेधडक ‘लल’ वापरा.

आणि इथे मराठी माणसाला फार डोकं खाजवावं लागत नाही, कारण आपल्याकडे पावसासाठी नेमका हाच शब्द आहे: उघडीप. जुलैत सकाळपासून धो धो चालू असतं. अकराच्या सुमाराला जरा थांबतं, ढग तसेच काळे, गच्चीवरून पागोळ्या गळतायत, पण वरून पडत नाही. लगेच शेजारच्या काकू हाक मारतात, “उघडीप आहे तोवर भाजी आणून घे गं.” त्या ‘तोवर’मध्ये सगळा ‘लल’ आलाय. पाऊस संपला असं कुणी म्हणत नाही, छत्री बरोबर असतेच. इंग्रजीत हेच “देअर इज ए लल इन द रेन.” उन्हाळ्याच्या आदल्या कोरड्या महिन्यांना कुणी उघडीप म्हणत नाही, तसंच फेब्रुवारीतल्या कोरड्या हवेला ‘लल’ म्हणत नाहीत.

पण उघडीप फक्त पावसाची असते आणि ‘लल’ कशाचाही असतो. तिथे मुलं गडबडतात, म्हणून मी त्यांना एक घरातला प्रसंग सांगते. नौपाड्यातल्या कुठल्याही इमारतीत हा घडू शकतो.

नवरा-बायकोचं कडाक्याचं वाजलंय. विषय काय, तर दिवाळीला कुणाच्या गावी जायचं. आवाज चढलेत. तेवढ्यात बेल वाजते. शेजारच्या वहिनी वाटी परत द्यायला आल्या आहेत. रिकामी कशी द्यायची, म्हणून तिच्यात दोन करंज्या घालून. दोघांचे चेहरे एकदम हसरे. “या ना वहिनी, चहा टाकते.” “नको गं, कुकर लावलाय.” दोन मिनिटं मुलांची शाळा, पाण्याची वेळ, लिफ्टचं मेंटेनन्स. दार लागतं. कडी सरकल्याचा आवाज येतो. “हं, तर तू मघाशी काय म्हणालास?” ती दोन मिनिटं म्हणजे “ए लल इन द आर्ग्युमेंट.” भांडण मिटलं असतं तर ‘लल’ म्हणता आलं नसतं.

आता हीच मोजपट्टी बाजाराला लावा. गणपतीत ठाण्याचा जांभळी नाका, गोखले रोड पाय ठेवायला जागा देत नाही. अनंत चतुर्दशीला मूर्ती पाण्यात गेल्या, की पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात सोनं, घर, गाडी, काही घ्यायचं नाही अशी आपल्याकडची रीत, त्यामुळे दुकानदार पंख्याखाली पेपर वाचत बसलेले दिसतात. सर्वपित्री अमावास्या झाली, दुसऱ्या दिवशी घट बसले, की पुन्हा झुंबड. टेंभी नाक्यावर देवीची आरास, रस्ते बंद, दुकानात रांगा. एखाद्या इंग्रज माणसाला हा पंधरवडा समजावायचा तर याहून चोख वाक्य नाही: “देअर इज ए लल इन सेल्स बिटवीन गणेशोत्सव अँड नवरात्री.”

उलट उदाहरणही घ्या. वाशीच्या एपीएमसीत एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांचे ढीग. मध्येच कोकणात अवकाळी पाऊस झाला, तोडणी थांबली, चार दिवस आवक घटली आणि मग पुन्हा वाढली, तर तो ‘लल’. पण जून उजाडला, आंबा संपला, व्यापारी दुसऱ्या फळाकडे वळला, तर तो ‘लल’ नाही. ते ‘एंड ऑफ द सीझन’. पुढच्या वर्षी आंबा येणारच आहे हे खरं, पण तो नवा हंगाम. चालू गोष्टीच्या मधली फट असेल तरच ‘लल’.

रोजच्या ठरलेल्या फटीलाही हा शब्द चालतो. ठाणे स्टेशनवर ट्रान्स-हार्बरच्या नऊ-दहा नंबर फलाटांवर सकाळी जी चेंगराचेंगरी असते, ती दुपारी ओसरते आणि संध्याकाळी परत येते. तो दुपारचा ‘लल’. जेवणानंतर ऑफिसात सगळ्यांच्या पापण्या जड होतात आणि कीबोर्डांचा आवाज मंदावतो, त्याला “पोस्ट-लंच लल” म्हणतात. वामकुक्षीची परवानगी मिळाली नाही की जे उरतं ते हे.

तिसरी पायरी: वाक्यात बसवायचा कसा

हा शब्द बहुतेक वेळा नाम म्हणून येतो. त्याच्याआधी ‘ए’ लागतो. एकाहून जास्त असले तर ‘लल्स’. “द मार्केट इज लल” किंवा “टुडे इट वॉज व्हेरी लल” असं कधीही लिहू नका. ती जागा ‘डल’ची किंवा ‘स्लो’ची. आपल्याकडे व्यापारी “आज मार्केट डल आहे” म्हणतात, त्यावरून ही सवय लागते. डल हे विशेषण, लल हे नाम. यमक जुळतं म्हणून जागा अदलाबदल करता येत नाही.

मराठी माणसाची खास चूक वेगळीच आहे. आपण म्हणतो, “पावसाने उघडीप दिली.” पाऊस देतो, आपण घेतो. म्हणून इंग्रजीतही तोंडातून निघतं, “द रेन गेव्ह ए लल.” किंवा “पावसाने विश्रांती घेतली” मनात असतं म्हणून “रेन टुक ए लल.” दोन्ही चूक. इंग्रजीत ‘लल’ कुणी देत नाही, कुणी घेत नाही. तो असतो किंवा येतो. सरळ “देअर वॉज ए लल” म्हणून सुरुवात करा. माणसाने थांबून चहा प्यायला तर तो “टुक ए ब्रेक”, तिथे ‘लल’चं काम नाही.

पुढे कशातला हे सांगायचं तर ‘इन’. लल इन द ट्रॅफिक, इन द कॉन्व्हर्सेशन, इन द फायटिंग, इन कॉल्स. दोन गोष्टींच्या मधला असेल तर ‘बिटवीन’. त्या वेळात काही केलं तर ‘ड्युरिंग’: “ड्युरिंग द लल, वी क्लिअर्ड द पेंडिंग ईमेल्स.” हे वाक्य पाठच करा. साहेब लोकांना ते फार आवडतं, कारण तुम्ही रिकामे बसला नव्हता हे त्यात न सांगता कळतं.

विशेषणं मोजकी आहेत: ब्रीफ, शॉर्ट, मोमेंटरी, टेम्पररी. खरं बघता ‘लल’ तात्पुरताच असतो, त्याला पुन्हा ‘टेम्पररी’ लावणं म्हणजे पिवळा पितांबर. पण इंग्रज स्वतःच लावतात, आपण कशाला अडवायचं. ‘वेलकम लल’ म्हणजे हायसं वाटायला लावणारा. ‘अनईझी लल’ म्हणजे शांत आहे पण मनात धाकधूक आहे असा. ‘परमनंट लल’ मात्र ऐकाल तर समजा, सांगणारा गंमत करतोय.

चौथी पायरी: क्रियापद, म्हणजे जोजवणं

या शब्दाचं मूळ ऑफिसात नाही, पाळण्यात आहे. बाळाला झोपवताना आई ‘लु लु’, ‘ला ला’ असा काहीतरी आवाज काढते, त्यावरून मध्ययुगीन इंग्रजीत हे क्रियापद आलं असावं, आणि त्याच कुळातला ‘ललबाय’ म्हणजे अंगाई. वादळवाऱ्याच्या मधल्या शांततेसाठी ‘लल’ हे नाम रुळलं ते पुष्कळ नंतर, १९व्या शतकाच्या सुरुवातीला. मला यात मजा वाटते, कारण आपणही तेच केलंय. ‘जो जो’ हा नुसता आवाज, त्याचं ‘जोजवणं’ झालं. दोन भाषांतल्या आया एकमेकींना कधी भेटल्या नाहीत, पण मूल झोपवायला दोघींनी आवाजाचंच क्रियापद केलं.

तर क्रियापद म्हणून ‘लल’ म्हणजे जोजवणं, हळूहळू शांत करणं. भूतकाळी ‘लल्ड’. आपण बहुतेक वेळा ते आपल्यावर झालेलं सांगतो. रात्री साडेदहाची शिफ्ट सुटली, ऐरोलीहून पनवेलकडे जाणारी मुलगी खिडकीत बसली, गार वारा, गाडीचं डुलणं, रबाळे गेलं, घणसोली गेलं आणि डोळा लागला. कोपरखैरणेला उतरायचं होतं, जाग आली तुर्भ्याला. दुसऱ्या दिवशी ती सांगेल, “द ट्रेन लल्ड मी टु स्लीप.” ‘टु स्लीप’ जोडायला विसरू नका, ते जोडीनेच फिरतात.

वाऱ्यासाठी “द विंड लल्ड” असं जुन्या पुस्तकांत सापडेल. बोलताना वाऱ्याला “डाइड डाउन” आणि पावसाला “लेट अप” म्हणा.

पाचवी पायरी: गाफील करणारा ‘लल’

याच क्रियापदाचा एक ठरलेला वाक्प्रचार आहे आणि बँकेत, विम्यात, संगणक सुरक्षेत काम करणार असाल तर तो आठवड्यातून एकदा तरी कानावर पडेल: “लल्ड इन्टु ए फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी.” लांब आहे, पण तोडू नका, आख्खाच वापरतात. मराठीत त्याला एक शब्द पुरतो, गाफील. कुणीतरी किंवा परिस्थितीने तुम्हाला थोपटून थोपटून गाफील केलं, आणि तुम्ही निर्धास्त झालात.

मोबाइलवरच्या ‘टास्क’ फसवणुकीचं उदाहरण मी नेहमी देते. व्हिडिओला लाइक करा, पैसे मिळवा. पहिल्या दिवशी खरंच दीडशे रुपये खात्यात येतात. दुसऱ्या दिवशी तीनशे. माणूस म्हणतो, अरे, हे तर खरं आहे! मग ‘जास्त कमाईसाठी’ पाच हजार भरायला सांगतात, मग पन्नास, आणि नंतर समोरचा नंबर बंद. ते पहिले साडेचारशे रुपये कशासाठी होते? “दे लल्ड हिम इन्टु ए फॉल्स सेन्स ऑफ सिक्युरिटी.” ऑडिटच्या अहवालात याचंच ‘कम्प्लेसन्सी’वालं भावंड भेटेल, “लल्ड इन्टु कम्प्लेसन्सी”. अर्थ तोच, सूर जरा सरकारी.

इतिहासात नाम आणि क्रियापद दोन्ही एका ठिकाणी बघायचं असेल तर दुसऱ्या महायुद्धाची सुरुवात बघा. ३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटन आणि फ्रान्सने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. मग पश्चिम आघाडीवर आठ महिने मोठी लढाईच झाली नाही. समुद्रावर बोटी बुडत होत्या, पण जमिनीवर सैनिक बसून होते. त्याला इंग्रजीत ‘फोनी वॉर’, म्हणजे लुटुपुटूचं युद्ध, असं नाव पडलं. फ्रान्सचा भरवसा जर्मनीच्या सरहद्दीवरच्या मॅजिनो तटबंदीवर होता. १० मे १९४० ला जर्मन फौजा हॉलंड, बेल्जियममधून घुसल्या, मुख्य धडक आर्डेनच्या जंगलातून मारली आणि जूनमध्ये पॅरिस पडलं. ते आठ महिने म्हणजे ‘लल’, आणि त्या काळात जे निर्धास्त झाले ते ‘लल्ड’.

सहावी पायरी: भाऊबंदांत गल्लत नको

‘पॉज’ आणि ‘ब्रेक’ माणूस ठरवून घेतो. ‘लल’ ठरवून येत नाही. मीटिंगमध्ये सगळे एकदम गप्प झाले, कुणाला काय बोलावं सुचेना, तो “लल इन द कॉन्व्हर्सेशन”. मॅनेजरने “पाच मिनिटं थांबू” म्हटलं तर ब्रेक.

पण पावसात एक अडचण आहे. हवामान खातं मान्सूनच्या बाबतीत ‘ब्रेक’ हा शब्द वेगळ्या अर्थाने वापरतं. जुलै-ऑगस्टमध्ये कधी कधी कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो आणि देशाच्या बऱ्याच भागात पाऊस कित्येक दिवस कमी होतो, तो ‘ब्रेक मान्सून’. आपण त्याला खंड म्हणतो, आणि पेरणी झालेल्या शेतकऱ्याच्या तोंडी “पावसाने ओढ दिली” असतं. म्हणजे तासा-दोन तासांची ती उघडीप किंवा ‘लल’, दिवसांवर गेला तो खंड किंवा ‘ब्रेक’. ज्याला मराठीत हा फरक कळतो त्याला इंग्रजीत शिकवावा लागत नाही.

‘ट्रूस’ आणि ‘सीझफायर’, म्हणजे युद्धविराम, यांत दोन्ही बाजूंची कबुली असते, तोंडी का होईना. १९१४ च्या नाताळात पश्चिम आघाडीवर काही ठिकाणी इंग्रज आणि जर्मन सैनिक खंदकांतून बाहेर येऊन एकमेकांना भेटले. वरून हुकूम नव्हता, तरी आपसात ठरलेलं होतं, म्हणून त्याला ‘ट्रूस’ म्हणतात. ‘लल’मध्ये कुणी काही ठरवत नाही, तोफा आपल्या आपण थंडावतात.

‘रेस्पाइट’ म्हणजे त्रासातून मिळालेली उसंत, तिच्यात आधी त्रास लागतो. दुकानदाराला पितृपक्षातला ‘लल’ नकोसा असतो, त्याला तो ‘रेस्पाइट’ म्हणणार नाही. त्याच्या दुकानात दिवसभर उभ्या राहणाऱ्या मुलीला विचारा, ती म्हणेल.

वादळापूर्वीची शांतता हा आपला वाक्प्रचार इंग्रजीत “द काम बिफोर द स्टॉर्म” म्हणून जास्त चालतो. “द लल बिफोर द स्टॉर्म”ही म्हणतात, चूक नाही. चक्रीवादळाच्या मध्यभागी, डोळ्यात, वारा एकदम पडतो, कधी आभाळही उघडतं. लोकांना वाटतं संपलं. काही वेळाने वारा उलट दिशेने तितक्याच जोराने येतो. याहून खराखुरा ‘लल’ निसर्गात नसेल. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ अलिबागजवळ किनाऱ्यावर आलं तेव्हा आम्ही ठाण्यात खिडक्यांना टॉवेल कोंबून बसलो होतो. वारा जरा पडला की माझा मुलगा खिडकीकडे धावायचा आणि सासूबाई त्याला धरून ठेवायच्या. त्यांना इंग्रजी येत नाही, पण ‘लल’ त्यांना बरोबर कळला होता.

सातवी पायरी: परत मराठीत आणताना

ऑफिसचं काम इंग्रजीतून मराठीत करायचं असेल, सूचना, जाहिरात, काहीही, तर ‘लल’ला सगळीकडे ‘शांतता’ चिकटवू नका. ज्या गोष्टीत तो आला आहे तिच्या बोलीतला शब्द घ्या. पाऊस असेल तर उघडीप, किंवा “पावसाला जरा उसंत नाही”मधली उसंत. बाजार थंडावतो. लढाई तात्पुरती थंडावते. रहदारी ओसरते किंवा तुरळक होते. बोलणं मध्येच खुंटतं. कामात जरा सवड मिळते, दम खायला मिळतो. दहा ठिकाणी दहा शब्द लागतील. मला विचाराल तर हीच मराठीची श्रीमंती, पण भाषांतराच्या दरात तिचे वेगळे पैसे मिळत नाहीत.

आठवी पायरी: एक मेल लिहून बघा

हा नमुना माझ्या वहीत जपून ठेवला आहे. मागच्या वर्षीच्या एका मुलाने शिफ्ट संपताना लिहिलेला निरोप. नाव सांगत नाही, आता तो स्वतः टीम सांभाळतो.

“डिअर टीम, टुडे व्हेरी लल इन आफ्टरनून. थ्री ओक्लॉक रेन गेव्ह लल सो सेकंड शिफ्ट रीच्ड. नाउ लल इज फिनिश, प्लीज टेक केअर.”

मजकूर कळतो, भाव तर फारच कळतो. पण आम्ही दोघांनी बसून तो असा केला:

“डिअर टीम, देअर वॉज ए लल इन कॉल्स बिटवीन टू अँड फोर. ड्युरिंग द लल, वी क्लिअर्ड ऑल पेंडिंग ईमेल्स. कॉल्स हॅव पिक्ड अप अगेन, सो प्लीज बी रेडी.”

आणि पावसाचं निराळ्या ओळीत: “द रेन लेट अप अराउंड थ्री, सो द सेकंड शिफ्ट रीच्ड ऑन टाइम.”

“पिक्ड अप अगेन” लक्षात ठेवा. ‘लल’ संपला हे सांगायला तेच वापरतात, ‘फिनिश’ नाही. तुम्हीही आज घरी जाऊन आजच्या दिवसातले तीन ‘लल’ शोधून लिहा. एक कामातला, एक रस्त्यावरचा, एक घरातला. घरातला सापडला नाही तर बेल वाजायची वाट बघा.

तो मुलगा परभणीचा. पहिला पावसाळा त्याने आमच्याकडेच पाहिला. गेल्या जुलैत एका संध्याकाळी बाहेर नुसतं धुवांधार चालू होतं, गाड्या उशिरा धावत होत्या आणि मी खिडकीशी उभी राहून रिक्षा मिळेल का याचा अंदाज घेत होते. सव्वासातला फोनवर त्याचा मेसेज आला. तो खाली गेटवर उभा होता. “ताई, देअर इज ए लल. निघा लवकर.” मी पर्स उचलली आणि निघाले. विटाव्याच्या पुलाखाली पोहोचेपर्यंत पुन्हा सुरू झाला होता.